तोंड उताराकडं

मी एक म्हातारी गाडी बोलतेय. मागं लांब पोट असलेली, सामान वाहणारी. चाळीस वर्षं इथं सुरूच्या झाडांखाली उभी आहे. चाकांच्या जागी विटा आहेत. मागच्या बाजूला कोंबड्या अंडी घालतात. त्यांची तक्रार नाही, ऊब देतात बिचाऱ्या. मंगळवारी भंगारवाला येणार आहे. जायचं दुःख नाही. पण पोटात एक गोष्ट आहे, ती तशीच घेऊन जायचं जिवावर येतं.

मी मेलबर्नला जन्मले. पहिले मालक कापडाचे फिरते विक्रेते. बारा वर्षं मी त्यांच्या नमुन्यांच्या पेट्या वाहिल्या. ते मला दर रविवारी पुसायचे. मी कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी मला नेव्हिलला विकलं. तो होता एकोणीस वर्षांचा. पुसणं वगैरे त्याच्या गावीच नव्हतं. त्यानं मागची सीट काढून फेकली आणि तिथं गादी टाकली. टपावर लाटांवर खेळायच्या दोन फळ्या बांधल्या, एक त्याची आणि एक क्लाइव्हची.

क्लाइव्ह त्याचा जिवाचा दोस्त. शुक्रवारी काम सुटलं की दोघं निघायचे ते रविवारी संध्याकाळीच परतायचे. माझ्या पोटात ओले टॉवेल, वाळू, फळ्यांना लावायचं मेण, सॉसेजचा वास. मागच्या दारातून पाय बाहेर काढून झोपायचे. खरं सांगते, पेट्या वाहण्यापेक्षा मला ते आवडायचं. झोपेत दोघं हसायचे.

पण माझी बॅटरी म्हातारी झाली होती. नवी घ्यायची तर फळीची दुरुस्ती राहायची. म्हणून क्लाइव्हनं नियम केला, मला नेहमी उतारावर उभी करायची, तोंड खाली. हँडब्रेक सोडला की मी गडगडत जाणार आणि सुरू होणार. किल्ली पुढच्या चाकावर ठेवायची.

"तोंड उताराकडं आहे ना रे?" क्लाइव्ह दर वेळी विचारायचा.

"आहे रे बाबा! सासूसारखा पाठीस लागतोस."

त्या सकाळी क्लाइव्ह उजाडताच पाण्यात गेला.

"ऊठ रे आळशा, लाटा बघ कसल्या आहेत!"

"तू हो पुढं. मी आलोच."

नेव्हिल काही उठेना. त्याला पडल्या पडल्या लाटा बघायच्या होत्या, आणि माझं मागचं दार होतं टेकडीकडं. मग त्यानं मला सुरू केलं, वळवलं, दार समुद्राकडं केलं. मागची चाकं मऊ वाळूत गेली. त्यानं इंजिन बंद केलं, रेडिओ लावला आणि पुन्हा लवंडला. गाणी चालली होती. मलाही बरं वाटत होतं. बॅटरी उतरतेय हे मला कळत होतं. मी काय करणार होते? तरी वाटतं, एकदा तरी खरखरायला हवं होतं.

तासाभरानं क्लाइव्ह वाळूतून रांगत आला. फळी उलटली होती आणि तिच्याखालचं पातं त्याच्या घोट्यामागं खोल गेलं होतं. नेव्हिलनं त्याला गादीवर झोपवलं, टॉवेल आवळून बांधला, किल्ली फिरवली. मी कुंथले. पुन्हा कुंथले. मग गप्प झाले. नेव्हिलनं मला ढकललं, शिव्या दिल्या, रडला. वाळू काही सोडेना. शेवटी तो टेकडीवरच्या एका गोठ्याकडं धावत सुटला. ट्रॅक्टर यायला तास गेला. सबंध तासभर क्लाइव्ह माझ्यात एकटा पडून होता. रक्त गादीतून माझ्या पत्र्यापर्यंत आलं. डाग अजून आहे, कोंबड्यांच्या गवताखाली.

पाय कायमचा अधू झाला. इस्पितळात नेव्हिल सगळ्यांना म्हणाला, "गाडीनं दगा दिला."

क्लाइव्ह म्हणाला, "म्हातारी आहे बिचारी. तिला बोलू नकोस."

त्यानंतर नेव्हिल त्याला भेटायला जाईनासा झाला. मला विकलंही नाही, वापरलंही नाही. आपल्या घरच्या गोठ्यामागं, या झाडांखाली आणून उभी केली. आमचा दोघांचा अपराध तो, एकाच पत्र्याखाली झाकला.

काल क्लाइव्ह आला. चाळीस वर्षांनी. मला भंगारात देणार म्हणून कुणाकडून तरी ऐकलं होतं त्यानं. काठी टेकत आला आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "काय गं म्हातारे, कोंबड्यांचा संसार थाटलास?"

नेव्हिल मागं उभा होता. टोपी हातात.

"क्लाइव्ह, त्या दिवशी तोंड उताराकडं नव्हतं. मी फिरवली होती तिला. पडून लाटा बघायला. रेडिओपण मीच लावला होता."

क्लाइव्ह माझ्या मागच्या दारापाशी गेला. वाकून आत बघितलं. एक कोंबडी ओरडत बाहेर पळाली.

"मला ठाऊक आहे."

"कसं?"

"लेका, तासभर इथं पडून होतो मी. पायाशी समुद्र दिसत होता. टेकडी दिसायला हवी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

नेव्हिल तिथंच गवतात बसला. क्लाइव्हला खाली बसता येत नाही. तो माझ्या दाराच्या कडेवर टेकला. मी किरकिरले, पण भार पेलला.

मंगळवारी या म्हणावं भंगारवाल्याला. एवढंच मागणं आहे, बाहेर काढाल तेव्हा माझं तोंड उताराकडं करा.