गवताचा पगार

पाडव्याच्या सकाळी मखमलाबादच्या मळ्यात चिमाजी ओट्यावर बसले होते, आणि पुढ्यातल्या तबकात सालाचा विडा होता. त्या घरची रीत अशी, की मालकाने विडा पुढे करावा, सालदाराने तो उचलावा, आणि मग वर्षभर कोणीही शब्द मोडू नये. निवृत्ती सालदाराने तो आजवर कधी नाकारला नव्हता. आजही पुढे केला असता, तर त्याने भिडेपोटी उचललाच असता. हे चिमाजींना पक्के ठाऊक होते, आणि तेच त्यांच्या जिवाला लागले होते. कारण ओझरच्या विमानांच्या कारखान्यात निवृत्तीला जागा मिळाल्याचे गावभर झाले होते.

“काय रं, इमानं उडवनार म्हनं?” निवृत्ती ओट्यापुढे येऊन उभा राहताच त्यांनी विचारले.

“नाय मालक. माळ्याची जागा हाय. सायबांच्या बंगल्यांपुढं गवत वाढवायचं.”

“गवत?” चिमाजी ताडकन उठले. “जल्मभर माझ्या मेथीतलं गवत उपटलंस, आन् आता त्यालाच पानी घालनार?”

“गवताला पगार हाय, मालक; मेथीला नाय,” निवृत्ती हसला. “आन् रविवारी बसून ऱ्हायलं तरी तो चालूच.”

“रविवारी गवत वाढायचं थांबतं व्हय?”

“त्याला कोन इचारतो!”

“आवं,” चिमाजींच्या पत्नी यशोदाबाई आतून म्हणाल्या, “तुमाला गावली असती तर तुमी सोडली असती?”

वाद घालण्यात चिमाजींचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. मेथीची जुडी बाजारात मातीमोलाने जावी, आणि जे कोणी खात नाही, विकत नाही, ते राखणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार मिळावा, ह्या न्यायाविरुद्ध त्यांच्याजवळ मुद्दे भरपूर होते. दुर्दैव इतकेच, की एकूण एक मुद्दा निवृत्तीच्याच बाजूचा निघाला.

त्यांनी तबकाला हात घातला. निवृत्तीने टोपी सावरली, मान खाली घातली आणि ओंजळ पुढे केली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

चिमाजींनी विडा उचलला, निवृत्तीकडे एकवार पाहिले, आणि तो सबंध विडा स्वतःच्याच तोंडात कोंबला.

“अगं बया, ह्ये काय!” यशोदाबाई धावत बाहेर आल्या.

फुगल्या गालांनी चिमाजींनी ओझरच्या दिशेला बोट केले. त्यांना बोलता येत नव्हते, आणि ते एका परीने बरेच झाले. तोंड मोकळे असते, तर ‘थांब’ म्हटल्यावाचून त्यांना राहवले नसते.