पटलं तर वर या

मी पाटी बोलतेय. दगडाची आहे म्हणून कोणी मला मुकी समजू नये. जेनोवाच्या जुन्या बंदरामागे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला खांदा वळवावा लागतो अशा अरुंद गल्लीत माझा सारा जन्म गेला. एक-दोन दिवसांसाठी गावात आलेल्या माणसाला मुक्कामाची जागा दाखवायची, एवढंच माझं काम. आणि तेवढ्याच गुन्ह्यासाठी मला भिंतीवरून उपटून काढलं. पण मी गेले नाही. का गेले नाही, ते ऐका.

लावान्या गावाच्या मागे डोंगर आहेत, त्यांच्या पोटातली मी. आमच्या दगडाचा मान असा, की शाळेतल्या काळ्या फळ्याला अख्खा देश आमच्या गावाच्या नावानेच हाक मारतो. जुन्या काळी आमच्या लाद्या बायका डोक्यावर घेऊन समुद्रापर्यंत उतरवत. मी ट्रकमधून आले, हे कबूल; पण खानदान तेच. माझी एक बहीण कुणाच्या छपरावर चढली, एक धुण्याच्या दगडाला गेली, एक बिलियर्डच्या टेबलात हिरवं कापड पांघरून कायमची आडवी झाली. मला मात्र अक्षरं मिळाली.

ती कोलोम्बाबाईमुळे. तिचा नवरा बोटीवर स्वयंपाकी. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांचा तिला राग यायचा. तिने पलंग घेतले, चादरी शिवल्या आणि पाथरवटाला बोलावून माझ्यावर ‘पेन्सिओने कोलोम्बा’ असं कोरायला सांगितलं. म्हणजे कोलोम्बाबाईचं उतारूघर. पाथरवटाचा जागेचा अंदाज चुकला आणि शेवटचं अक्षर बारीक करून कडेला कोंबावं लागलं.

“अहो, हे काय केलंत?” बाई कडाडली. “शेवटी धाप लागल्यासारखं दिसतंय माझं नाव!”

“बाई, तुमचे तीन जिने चढून आल्यावर पाहुण्यांचंही तेच होणार आहे,” पाथरवट म्हणाला. “आधीच कळलेलं बरं.”

अशी मी रस्त्यावरच्या दाराशेजारी ठोकली गेले. माणसं यायची. कोणी बोट पकडायला, कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी हॉस्पिटलातल्या नातेवाइकाला भेटायला, कोणी नुसतंच समुद्र बघायला. जागा निवडताना माणसं काय करतात ते मला पाठ आहे. आधी मला वाचतात, मग मान आत घालून जिना बघतात, मग एकमेकांकडे. नवरा म्हणतो, “अजून एखादं बघूया.” बायको हातातली बॅग खाली ठेवते. बॅग खाली ठेवली की निवड झाली. पुढे नवरा काय बोलतो त्याला अर्थ नसतो.

कोलोम्बानंतर कारभार तिच्या लेकीकडे, एर्सिलियाकडे आला. एर्सिलिया आता सत्तरी ओलांडून गेलीय. हिचं तोंड आईपेक्षा दुप्पट. ओले बूट घेऊन आलात, ओरडणार. नळ सोडून दाढी केलीत, ओरडणार. ताटात पाव टाकलात, तर तुमच्या आईवडिलांपर्यंत जाणार. पण ताप आलेल्या पाहुण्याच्या उशाशी बसून रात्र काढणारीही हीच.

एक दिवस तिचा मुलगा तुल्लिओ दारातच फोन उघडून उभा राहिला. कोणा पाहुण्याने आमच्याबद्दल लिहिलं होतं.

“ऐक आई. ‘लिफ्ट नाही. समुद्र दिसत नाही. मालकीणबाई ओरडते.’ जगभर वाचतात हे लोक!”

“यात खोटं काय आहे?” एर्सिलियाने विचारलं.

“खोटं नाही, तेच तर!”

दुसऱ्याच आठवड्यात तिने पाथरवट आणला आणि तीच तीन वाक्यं माझ्यावर, कोलोम्बाच्या नावाखाली कोरून घेतली. शेवटी स्वतःचं एक जोडलं: ‘पटलं तर वर या.’ तुल्लिओने कपाळावर हात मारला. गल्लीतला पाववाला दुकान सोडून वाचायला आला आणि हसून हसून भिंतीला टेकला. मला सांगायला संकोच नाही, त्या दिवशी मी पहिल्यांदा ताठ उभी राहिले. नुसतं नाव कोण सांगत नाही? खरं सांगणारी पाटी दाखवा.

मग इमारतीचा पहिला आणि दुसरा मजला एका कंपनीने घेतला. भिंती पांढऱ्या झाल्या, पलंग नवे आले आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या समोर, किल्ल्यांच्या छोट्या पेट्या लागल्या. नंबर फिरवायचा, पेटी उघडते, किल्ली घ्यायची, वर जायचं. माणूस येतो, झोपतो, जातो. त्याचं तोंड कोणी पाहत नाही. या पेट्यांशी मी कधी बोलले नाही. त्यांना पोट आहे, तोंड नाही.

कंपनीचा माणूस बोनफांते. गोड बोलायचा. “बाई, दर्शनी भाग एकसारखा दिसायला हवा. ही पाटी जरा... जुनी वाटते.”

“मीही जुनी वाटते,” एर्सिलिया म्हणाली. “मलाही काढता का?”

तिला काढता आलं नाही, मला काढलं. इमारतीच्या मालकांची बैठक झाली, ठराव झाला, आणि एका सकाळी ड्रिल घेऊन माणूस आला. एर्सिलिया धावत खाली आली तेव्हा माझे दोन बोल्ट निघाले होते. तिसरा मी सहज सोडला नाही. माझा एक कोपरा भिंतीतच राहिला.

“कोणी होकार दिला?” तिने विचारलं.

बोनफांतेने नजर चुकवली. “तुमच्या चिरंजीवांनी. तुमच्या वतीने.”

तुल्लिओ वाईट मुलगा नाही, हेही सांगायला हवं. हिवाळ्यात आई जिन्यात घसरली होती, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये राहिलं होतं. तिने हे सगळं विकावं, लिफ्ट असलेल्या त्याच्या घरी येऊन राहावं, नातवंडांवर ओरडावं, एवढंच त्याला हवं होतं. पण त्याने ते तिच्या पाठीमागे केलं. त्या दिवसापासून एर्सिलिया त्याच्याशी बोलेना. फोन वाजायचा, ती वाजू द्यायची.

आणि दुसऱ्या दिवशी तिने काय केलं? वेताची खुर्ची गल्लीत आणून टाकली, मला मांडीवर उभं धरलं आणि बसली.

“बाई, असं चालत नाही,” बोनफांते म्हणाला.

“भिंत तुमची. मांडी माझी. गल्ली देवाची.”

रोज सकाळी ती मला घेऊन खाली यायची, अंधार पडला की वर न्यायची. मी हातभरच लांब, पण हलकी नाही. लोक हसायचे. फोटोही काढायचे. गिऱ्हाईक मात्र क्वचित. माणसं आता गल्लीत शिरतात तीच फोनमध्ये नाक खुपसून. त्यांची निवड घरूनच झालेली असते.

वसंत ऋतूत एका दुपारी बाप-लेक आले. बाप आगोस्तिनो, ऐंशीच्या घरातला, रुंद खांद्यांचा पण गुडघ्यांतून गेलेला. लेक मारिलेना, दोन बॅगा आणि फोन सांभाळत. तिने नंबर फिरवला, पेटी उघडली.

“कोण आहे इथे?” म्हाताऱ्याने विचारलं.

“कोणी नसतं, बाबा. किल्ली घ्यायची आणि जायचं.”

“मग आलो म्हणून सांगायचं कोणाला?”

“कोणालाच नाही. तीच तर सोय आहे.”

म्हातारा तिथेच थांबला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. ओठ हलवत त्याने मला शेवटपर्यंत वाचलं. “मालकीणबाई ओरडते? खरंच?”

“बाईमाणसाशी बोलताना आधी टोपी काढा!” एर्सिलिया ओरडली.

त्याने टोपी काढली. कित्येक दिवसांत मी असा उजळलेला चेहरा पाहिला नव्हता.

“मारिलेना, मी इथे राहतो.”

“बाबा! तीन जिने आहेत! तुमच्या गुडघ्यांसाठी मी किती शोधून पहिला मजला घेतलाय! आणि हे पैसे परत मिळत नाहीत.”

“लेकीचं ऐका,” एर्सिलिया म्हणाली. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे बोलली ती. माझ्यावर कोरलेलं खरं तिला फक्त भिंतीपुरतं नको होतं. “पहिला मजला तुम्हाला बरा. माझे जिने उभे आहेत.”

“बाई, मी या बंदरात पोती वाहिलीत.”

“ते तेव्हा. आता स्वतःचं पोट वाहताय तेच पुष्कळ.”

म्हातारा मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. “उद्या बाचिच्चाला स्मशानापर्यंत पोचवायचंय,” तो म्हणाला. “आयुष्यभर पोत्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. त्याच्या गावात आलोय, आणि आज मला पेटीतल्या किल्लीबरोबर राहायचं नाही. कोणीतरी ओरडायला हवं.”

एर्सिलिया उठली. मला काखेत मारलं. “चला मग. बूट पुसा आधी.”

मारिलेनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचंच. ती पहिल्या मजल्यावरच राहिली. बाप आमच्याबरोबर वर निघाला. दर वळणावर एर्सिलिया थांबायची. “थांबा जरा, ही पाटी जड आहे, टेकवू द्या मला.” आणि मला भिंतीशी टेकवून उगाच धापा टाकायची. रोज मला वर नेणारी बाई ती. तिला दम लागत नव्हता हे मला ठाऊक होतं. म्हाताऱ्यालाही ठाऊक असावं. तो कठडा धरून श्वास घेत म्हणायचा, “सावकाश, बाई, सावकाश. मला काही घाई नाही.”

सकाळी मी स्वयंपाकघरात भिंतीशी उभी होते. टेबलावर गरम फोकाच्चा, तेला-मिठाची आमच्याकडची जाड पोळी, आणि दुधाळ कॉफी.

“बुडवून खा!” एर्सिलिया डाफरली. “लेकीच्या गावाला जाऊन जेनोवा विसरलात का?”

त्याने बुडवून खाल्लं. मग तिने त्याचा काळा टाय सोडला आणि नीट बांधला. “मित्राकडे असं गबाळं जातात होय?” तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा राहिला. दारात मारिलेना आली.

“खाली गादी छान मऊ होती,” ती म्हणाली. “झोप नाही आली.”

“बस,” एर्सिलियाने तिच्यापुढे बशी सरकवली. “रागव, पण खाऊन रागव.”

दुपारी अंत्ययात्रा उरकली. आगोस्तिनो एकटा परतला नाही. काळ्या कोटांतले पाच-सहा म्हातारे गल्लीतून आले, सगळे जुने हमाल, सगळे रडून लाल झालेले आणि थोडी वाइनही घेतलेले. एर्सिलिया मला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती.

“बाई, काल विचारायचं राहिलं,” आगोस्तिनो म्हणाला. “पाटी मांडीवर का?”

तिने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, त्यातली दोन शिव्यांची होती.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, “तिसरा मजला कोणाचा?”

“माझा.”

“खिडकी?”

“माझीच. कठड्याचे गजही माझे.”

“दोर आहे?”

कोणाचे गुडघे, कोणाची छाती, कोणाची कंबर; पण सगळे वर आले. खुंटीवरून धुण्याचा जाड दोर काढला, मला आडवं-उभं बांधलं. काय गाठी होत्या त्या! हात थरथरत होते, पण गाठ बसताना थरथरत नव्हते. “बाचिच्चा असता तर इकडून धरलं असतं,” आगोस्तिनो म्हणाला आणि दोराचं दुसरं टोक त्याने मारिलेनाच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही मुठींत पकडलं. मग मला खिडकीबाहेर सोडलं आणि कठड्याच्या गजांना पक्कं आवळलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी गल्ली वरून पाहिली. शेजारी एर्सिलियाच्या चादरी फडफडत होत्या.

खाली बोनफांते आला. वर बघून ओरडला, “बाई! खिडकीबाहेर जाहिरात लावता येत नाही!”

एर्सिलियाने डोकं बाहेर काढलं. “जाहिरात कुठे? पाटी धुतलीय. वाळत घातलीय.”

“वाळत? दगड?”

“या शहरात वाळत घालायला बंदी आलीय का?”

“आणि कधी वाळणार ती?”

सहा टकली बाहेर आली. “हवा दमट आहे हो!” एक म्हणाला. “जाड आहे ना!” दुसरा. पाववाल्याने खालून टाळ्या वाजवल्या. बोनफांते पाय आपटत निघून गेला.

बाप-लेक दुसऱ्या दिवशी गावी गेले. जाताना आगोस्तिनोने जिन्यात बुटाचा चिखल सांडला, मला वाटतं मुद्दामच, आणि एर्सिलियाकडून पोटभर ओरडून घेतलं.

रविवारी तुल्लिओ आला. आईने दार उघडलं, बोलली नाही. तो सरळ खिडकीशी गेला, वाकला, दोर ओढून पाहिला.

“आई, इथे कडेला घासतोय. खाली माणसं चालतात.”

एर्सिलिया शेगडीवरचं भांडं ढवळत राहिली.

त्याने पिशवीतून ताडपत्रीचा तुकडा काढला. घरूनच आणला होता. दोराखाली सारून नीट गुंडाळला. “तू हे सगळं विकावं असंच मला अजून वाटतं,” तो म्हणाला.

“वाटू दे,” एर्सिलिया म्हणाली. “जेवून जा.”

आता मी इथे आहे. पाऊस अंगावर घेते, समुद्राचा खार चढतो, सीगल पक्षी नको ते करून जातात. दोन नोटिसा आल्या, तिसरी येईल. एर्सिलिया दर महिन्याला दोर बघते आणि तुल्लिओ ताडपत्री बदलतो. गिऱ्हाईक वाढलं का? थोडं. चारही खोल्या भरतात असं म्हणणार नाही; खोटं बोलायची मला सवय नाही.

तुम्हीही कधीतरी दोन दिवसांसाठी या गावात याल. मी तुमच्या पाया पडणार नाही. मऊ गादी हवी असेल तर पहिल्या मजल्यावर खरंच मऊ आहे, नंबर फिरवा आणि जा. माझं एकच मागणं आहे: निवडण्याआधी एकदा मान वर करा. चादरींच्या मध्ये मी दिसेन. अजून वाळलेली नाही.