बाबांचा शेवटचा रोल

सौमित्रनं पिशवी जेवणाच्या टेबलावर सरळ उलटी केली. टेबल चारुतानं नुकतंच पुसलं होतं, पण पाटवडीच्या रश्श्याचा एक ओघळ राहून गेला होता आणि लाइट मीटरची कातडी डबी नेमकी त्यातच जाऊन पडली.

“अरे, पाहून तरी टाक.”

“पुसतो ना मी.”

त्यानं रुमाल काढून डबी पुसली. टेबल पुसलं नाही. ते बहिणीचं काम.

कॅमेरा त्यानं आधीच नेला होता. वडिलांची, म्हणजे चिंतामण मास्तरांची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडून, “बाबांची आठवण म्हणून एवढं एकच नेतो,” असं म्हणत तो जुना रशियन रेंजफाइंडर कॅमेरा गळ्यात अडकवून अमरावतीला निघून गेला. एवढं एकच! दोन महिने झाले नाहीत तर फोन: ताई, त्याच्यासोबतचं सामान कुठाय? हूड, फिल्टर, मीटर? कामाचं तेवढं घेऊन जातो. अमरावतीत त्याचा फोटोवाल्यांचा ग्रुप जमला होता. प्राध्यापक, डॉक्टर, एखाददुसरा वकील. रविवारी सकाळी छत्री तलावावर जायचं, जुन्या कॅमेऱ्यांनी बगळे टिपायचे आणि मग कुठंतरी गिलावडा खायचा. पन्नाशीला टेकलेल्या माणसांची हौस ती, तिला कोण काय म्हणणार.

सामान कुरिअरनं पाठवता आलं असतं. चारुतानंच हट्ट धरला की तू ये, स्वतः पाहून घे. तिला त्याला समोर बसवून एकच गोष्ट मागायची होती. कॅमेऱ्यात बाबांचा शेवटचा रोल होता. तो तिला परत हवा होता, आणि कोणी तो धुवायच्या आत हवा होता.

कारण त्या रोलवर काहीच नव्हतं.

गेल्या थंडीत बाबा अंगणात खुर्चीवर बसून रोज एखाददुसरा फोटो काढायचे. लेन्सवरचं झाकण न काढता. या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी असते. झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. एके काळी मास्तरांची बोटं आपोआप झाकणाकडे जायची. आता हात थरथरायचे, आणि ती सवयही हातातून गेली होती. चारुतानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं. सांगणारही होती, तेवढ्यात नत्थुजी दूधवाल्यानं हाक मारली. दुसऱ्या दिवशी सांगावं, तर कालचेही फोटो गेले हे सांगावं लागणार. मग बाबा रुसणार, जेवायला नाही म्हणणार, आणि त्यांची औषधं रिकाम्या पोटी चालत नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र असलं काहीच कारण नव्हतं. लहानपणी या कॅमेऱ्याला हात लावला म्हणून याच माणसानं तिच्या बोटांवर लाकडी पट्टी मारली होती. धुण्याची बादली उचलता उचलता ती मनात म्हणाली, काढा, काढा. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं.

आता रोल धुतला की तो कोरा निघणार आणि सौमित्र विचारणार, ताई, तू तर रोज समोर होती, तुले झाकण दिसलं नाही? नोकरी सोडून तिनं वडिलांची सेवा केली होती. हगणंमुतणं काढलं, घास भरवले, रात्री-बेरात्री उठली. सौमित्र महिन्यातून एकदा यायचा, बाबांच्या पायाशी बसून संत्री सोलायचा आणि संध्याकाळी परत. जाताना म्हणायचा, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. पण सगळे नातेवाईक मानायचे, केलं ते चारुतानं केलं. तिच्या पदरात तेवढंच पडलं होतं. तेही आता एका झाकणापायी जायचं.

“लेन्सवर सावली धरायला हा हूड पाह्यजे,” सौमित्र म्हणाला. “आपल्याकडच्या उन्हात बिना हूडचं काही खरं नाही.”

हूड उजवीकडे गेला. पिवळा फिल्टर उजेडाकडे धरून पाहिला. त्यानं ढग मस्त येतात, तोही उजवीकडे. लाल फिल्टरला बुरशी धरली होती, तो डावीकडे. उजेड मोजायचा मीटर खिडकीकडे धरला, काटा हलला.

“जित्ता आहे बाप्पा!”

मीटर उजवीकडे. फ्लॅशची भलीमोठी तबकडी हातात घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं.

“हे लटांबर कोण वागवते?”

कामाचं उजवीकडे, बिनकामाचं डावीकडे. डावीकडच्या ढिगामागे चारुता बसली होती. कूलरचा वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. कसं विचारावं, हे ती सकाळपासून घोकत होती.

“हे पाय,” त्यानं ढिगातून आणखी एक काळं झाकण काढलं. “ह्याच्यापासून लय सांभाळून राहा लागते. आमच्या ग्रुपात डॉक्टर देवराव आहेत ना, त्यांनी नातवाचं अख्खं बारसं झाकण लावून काढलं. घरात अजून कोणी बोलत नाही त्यांच्याशी.” तो खो खो हसला. “बाबांच्या हातून असं कधी झालं नसतं.”

“सुपारी देऊ का तुले?”

“दे.”

तिनं अडकित्ता आणला. सुपारी कातरली, त्याच्या हातावर ठेवली. मग उभ्याउभ्याच बोलली.

“सौमित्र, त्यातला रोल कुठाय?”

“कोणता रोल?”

“बाबांचा. कॅमेऱ्यात होता तो. मले परत पाह्यजे.”

सुपारी चघळणं थांबलं. त्यानं पिवळा फिल्टर उचलला आणि त्याची कडी नुसतीच फिरवत बसला.

“तू धुवायला टाकला काय रे?”

“ताई, तू बस पयले.”

“बसत नाही. सांग.”

“मी पाठ उघडली त्याची,” तो म्हणाला. “गच्चीवर. भर उन्हात. मले वाटलं मोकळा आहे कॅमेरा. ती चकती फिरवून पाहा लागते म्हणे पयले, रोल आहे का नाही ते. मले कुठं माहीत! रोल दिसला तसा घाबरलो अन् ओढला, तर पुराच्या पुरा बाहेर आला. तरी नागपूरला धुवायला पाठवला. काळाठिक्कर निघाला. एक फोटो नाही त्याच्यात.”

चारुता खुर्चीवर बसली. सुटले बाप्पा, असं तिला झालं. आता काही म्हणता काही कोणाला कळणार नव्हतं. अंधारातला रोल उन्हात पडला, काळा झाला, संपलं. तिला भावाबद्दल एकदम माया दाटून आली. ती उठली, त्याच्यासाठी माठातलं पाणी आणलं आणि वर गुळाचा खडाही आणला.

“जाऊ दे,” ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. “काय होतं त्याच्यात असं मोठं? सीताफळीचं झाड, चिमण्या, नत्थुजीची सायकल. बसल्याबसल्या काहीतरी चाळा पाह्यजे म्हणून काढत होते ते.”

“नाही ना वं.”

“मंग?”

त्यानं पाणी घेतलं नाही.

“बाबांनी मले फोन केला होता. संक्रांतीच्या मागंपुढं. तू दवाखान्यातून त्यांचे कागद आणायला गेली होती तेव्हा. म्हणे, साऱ्या गावाचे फोटो काढले मी, पण घरात आपल्या चारूचा एक धड फोटो नाही. अंगणात कपडे वाळू घालते तेव्हा रोज काढून राहिलो. तिले बोलू नको, नाहीतर केस विंचरून उभी राहीन अन् सगळं बिघडवीन. म्हणे, मी काही आता जास्त दिवसाचा नाही. रोल भरला की तू नेऊन धुवून आण, अन् माझ्यामागं तिच्या हातात दे.” त्यानं फिल्टर खाली ठेवला. “अन् मी विसरलो, ताई. कॅमेरा घरी नेला तरी आठवलं नाही. बगळ्यांच्या नादात पाठ उघडली तेव्हा आठवलं.”

स्वयंपाकघराच्या दारातून अंगण दिसत होतं. दोरीवर सकाळचे कपडे वाळून कडक झाले होते आणि ते काढायचे राहिले होते. चारुता तिकडे पाहत राहिली. आपलाच रोजचा अवतार तिला दिसला: विटलेला गाऊन, वर खोचलेला, तोंडानं कोणाकोणाच्या नावानं चाललेली बडबड. रोज कॅमेऱ्याच्या त्या खिडकीतून तो माणूस तिलाच पाहत होता, आणि त्याला ती लख्ख दिसत होती. आणि ती बादली उचलता उचलता काय म्हणाली होती? काढा, काढा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाला पदर लावावा, तर अंगावर ओढणीही नव्हती.

“हे घे सगळं,” सौमित्रनं उजवीकडचा ढीग दोन्ही हातांनी तिच्याकडे लोटला. “मले काही नाही पाह्यजे. कॅमेराही आणून देतो. माझी लायकी नाही.”

हूड टेबलावरून घरंगळत खाली पडला. कोणी उचलला नाही. सौमित्र रडत होता. बाबा गेले तेव्हा तो पाहुण्यांच्या गाड्या, भटजी आणि मंडप यांत इतका गुंतला होता, की तेव्हा त्याला रडायला सवड झाली नव्हती. आता या वयाचा माणूस टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होता, आणि त्याचा विरळ झालेला माथा बहिणीला दिसत होता.

“ताई, बोल ना काहीतरी. शिव्या दे मले. सांगतलेलं एक काम होतं, तेही नाही झालं माझ्याच्यानं.”

एक वाक्य पुरलं असतं. त्यात काहीच नव्हतं रे. तेवढं ऐकलं असतं तर तो आज रात्री अमरावतीला जाऊन निवांत झोपला असता. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य बोलावं लागलं असतं, आणि मग तिसरं. तिनं हात पुढे करून भावाच्या माथ्यावर ठेवला. हात गार पडला होता, तरी त्याला तो मायेचाच वाटला असावा, कारण तो आणखी जोरानं रडू लागला.

“रोज काढत होते काय वं?” त्यानं मान न उचलता विचारलं.

“रोज,” चारुता म्हणाली. “चांगले आले असते.”