सोफ्याला हिंगाचा वास

सुशीलाबाईंच्या हातचं जेवून नव्या राजधानीत विकासाचे बरेच आराखडे तयार झाले. जेवणाचे पैसे द्यायचे असतात, ही गोष्ट मात्र त्यातल्या एकाही आराखड्यात आली नाही.

मंत्रालय जुन्या रायपुरातून उठून नव्या राजधानीत गेलं, तशा त्याच्या मागोमाग सल्ला देणाऱ्या कंपन्याही गेल्या. त्यातलीच एक रत्नाकर साहेबांची. साहेब पुण्याकडचे, बोलायला गोड. गरीब बायकांनी स्वतःच्या पायावर कसं उभं राहावं, हे ते सरकारला सांगत आणि सरकार त्यांना त्याचे पैसे देई. त्यांच्या कचेरीतल्या माणसांना दुपारचं जेवण पुरवण्याचा ठेका सुशीलाबाईंकडे होता. जुन्या रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या मोठ्या शेगड्या लावून रांधत, इंदू आणि शेवंता हाताखाली असत, आणि अकराच्या सुमाराला डबे गाडीतून रवाना होत. साहेबांना जेवण फार आवडे. एकदा त्यांनी सुशीलाबाईंचा हातात झारा धरलेला फोटो काढून आपल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. आत लिहिलं होतं की ही बाई आता सक्षम झाली आहे. तेव्हा त्या सक्षम बाईचं पाच महिन्यांचं बिल थकलं होतं.

बिलाचं विचारलं की साहेब सांगत, प्रोसेसमध्ये आहे. वर्ष होत आलं तरी ते तिथून बाहेर निघेना. थकबाकी चार लाखांच्या वर गेली. किराणावाला आधी नमस्कार करायचा, तो आता नुसता बघायला लागला.

मग एक दिवस डबे पोचवायला गेलेली शेवंता घाईघाईने परत आली आणि म्हणाली की बाई, तिथं भिंतीवरचा टीव्ही काढून राहिले, सामान खोक्यात भरून राहिले. सुशीलाबाईंनी फोन लावला. साहेब म्हणाले, रंगकाम काढलंय काकू. सुशीलाबाईंनी दोन दिवसांनी जाऊन पाहिलं, तर रंगाचा डबा कुठे दिसला नाही. खोकी मात्र वाढली होती.

सुशीलाबाईंच्या बहिणीचा मुलगा निरंजन नवीनच वकील झाला होता. त्याने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा फुलला. पुस्तकात वाचून ठेवलेलं एक कलम वापरायची संधी त्याच्या घरी चालून आली होती. त्याने मावशीला समजावलं की दावा तर लावूच, पण दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात, आणि तोवर हा माणूस सामान घेऊन पुण्याला पोचेल. मग निकाल घेऊन काय करायचं? म्हणून निकालाच्या आधीच कोर्टाकडून त्याचं सामान जप्त करून घ्यायचं. दावा जिंकलो की ते विकून पैसे वसूल.

"म्हणजे आपण जिंकाच्या आधीच जिंकलो का?" सुशीलाबाईंचे यजमान बाबाराव यांनी विचारलं. बाबाराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. कायद्याबद्दल त्यांना आदर होता, कारण त्यांना आयुष्यात कधी त्याची गरज पडली नव्हती.

"समझ लो वैसाच, काका," निरंजन म्हणाला.

कोर्टाने अर्ज वाचला, टीव्ही आणि खोक्यांची हकीकत वाचली, आणि जप्तीचा अंतरिम हुकूम दिला. जप्ती का कायम करू नये याचं उत्तर द्या, नाहीतर रकमेची हमी भरा, असं साहेबांना बजावलं. घरात पेढे आले. बाबारावांनी शेजारी दोन घरी वाटलेसुद्धा.

जप्तीच्या दिवशी कोर्टाचा अमीन, म्हणजे बेलिफ, चिठ्ठ्या आणि सील करायची लाख घेऊन कचेरीत गेला. त्याने एकेका वस्तूला चिठ्ठी चिकटवली. फिरत्या खुर्च्या, चामड्याचे सोफे, खाटेहून मोठं टेबल, तो टीव्ही, कॉफीचं यंत्र, आणि काचेच्या पेटीत बसवलेला एका आदर्श गावाचा नमुना. त्या गावात घरं होती, विहीर होती, अंगठ्याएवढ्या बायका होत्या, आणि सगळ्या सक्षम होत्या. सुशीलाबाईंना वाटलं, हे सगळं आता कोर्टात जाईल. अमिनाने सांगितलं की कोर्टाचा मालखाना भरलाय, तिथे सायकल उभी करायला जागा नाही. साहेबांनी कळवळून सांगितलं की सामान माझ्याकडेच राहू द्या. निरंजन म्हणाला, याच्याकडे कसं ठेवता, पळून जायला तर निघालाय. मग अमिनाने कायद्यात होती ती वाट धरली. सुपुर्दनामा लिहून घेऊन सगळं सामान सुशीलाबाईंच्याच ताब्यात दिलं. अटी साध्या होत्या. सामान आहे तसं ठेवायचं, वापरायचं नाही, कोर्टाच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही, आणि मागितलं की ओरखडा न उमटलेलं हजर करायचं.

"मावशी, आता एकदम सेफ," निरंजन म्हणाला, आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

सामान भरलेल्या दोन गाड्या तात्यापाऱ्यात आल्या. घराची पुढची खोली सोडली तर एवढा माल मावेल अशी जागा नव्हती. शेगड्या बाहेर आल्या आणि सोफे आत गेले. जिथे भाताचं पातेलं चढायचं, तिथे आदर्श गाव बसलं.

पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक बघायला आले. बाबारावांनी पार्सल ऑफिसच्या शिस्तीने दारात स्टूल टाकलं आणि कुणाला आत जाऊ दिलं नाही. स्वतः ते जमिनीवर बसून जेवायचे, आणि चामड्याच्या सोफ्याकडे असं बघायचे की जणू साहेब अजून त्यावर बसलेत. रोज सकाळी चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत का, ते पाहायचे. परक्याचा माल सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस पुन्हा कामावर रुजू झाला होता. दोघांपैकी एकाला तरी या जप्तीचा फायदा झाला.

सुशीलाबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. शहराबाहेर उरला नावाची कारखान्यांची वसाहत होती, तिथल्या लोखंडाच्या एका रोलिंग मिलने त्यांना विचारलं होतं. दोन पाळ्यांच्या कामगारांचे डबे, पैसे महिन्याच्या महिन्याला, काम एक तारखेपासून. हे काम मिळालं तर किराणावाला फिटणार होता आणि इंदू, शेवंताचा पगार सुटणार होता. नाही मिळालं, तर स्वयंपाकाचा धंदाच बंद करायची पाळी होती. एवढे डबे रांधायला ती खोलीच लागत होती. आतल्या छोट्या स्वयंपाकघरात दोघांचं वरण शिजायचं, दीडशे माणसांचं नाही.

त्यांनी निरंजनला विचारलं की दुसरीकडे भाड्याची खोली घेऊन हे सामान तिथे टाकलं तर? तो म्हणाला, कोर्टाची परमिशन लागेल, अर्ज लावावा लागेल, शिवाय भाडं तुम्हालाच भरावं लागेल. मग शेगड्याच दुसरीकडे नेल्या तर? त्याचंही भाडं होतंच, आणि हातात पैसा असता तर हे भांडण कशाला झालं असतं?

तेवढ्यात साहेबांचं लेखी उत्तर आलं. निरंजनने वाचून दाखवलं. कंपनी कुठेही जात नाही, कचेरी जोमाने चालू आहे. जप्त केलेलं सामान म्हणजे धंद्याचा प्राण आहे, त्याच्याविना एक दिवस ढकलणं कठीण, राज्याच्या विकासाची कामं खोळंबून पडली आहेत. शपथेवर लिहिलं होतं. ऐकून बाबारावांना क्षणभर अपराधी वाटलं. आपल्या बायकोच्या बिलापायी एका राज्याचा विकास आपल्या घरात अडकून पडावा, हे काही बरं नव्हतं.

सुशीलाबाईंनी खोलीच्या एका कोपऱ्यात, सोफ्यांवर जुन्या चादरी टाकून, एक लहान शेगडी लावली. उरल्याच्या मिलच्या मॅनेजरला चव दाखवायची होती म्हणून फक्त वीस डबे. नेमके त्याच दिवशी साहेब सामान बघायला आले. कोर्टाची परवानगी काढूनच आले होते. त्यांनी टेबलावरून बोट फिरवून धूळ पाहिली, आदर्श गावात वाकून पाहिलं, मग चादर उचलून सोफ्याजवळ नाक नेलं.

"सोफ्याला हिंगाचा वास येतोय, काकू," ते म्हणाले. आवाज अगदी मायेचा. "इम्पोर्टेड लेदर आहे हे. कोर्टाला कळवावं लागेल मला. नुकसान तुमच्या बिलातून वळतं करू या का?"

"साहेब, त्याच हिंगाचं वरण दोन वर्षं वाटीनं मागून खाल्लं तुमी," सुशीलाबाई म्हणाल्या. "तवा काहून नाही आला वास?"

साहेब हसले आणि मोबाइलवर फोटो काढून गेले. त्या संध्याकाळी मिलचा मॅनेजर म्हणाला की चव चांगली आहे, पण एक तारखेला तुमची शेगडी पेटलेली दिसली नाही, तर दुसरी पार्टी तयार आहे.

पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या दिवशी सुशीलाबाई लवकर आवरून तयार झाल्या. रिक्षात त्यांनी निरंजनला सांगितलं की आज सामान परत देऊन टाकायचं. निरंजनने कपाळाला हात लावला. त्याने हिंदी-मराठीत समजावलं की मावशी, ये तो अपना हुकुम का पत्ता है, सामान गेलं म्हणजे तो गेला, मग निकाल लागला तरी वसूल कशातून करायचं? सगळं खरं होतं. सुशीलाबाई म्हणाल्या की वसूल व्हाचं तवा होईल, मी एक तारखेले काय रांधू? तुहा कागद?

कोर्टात साहेबांचे वकील पंधरा मिनिटं बोलले. सामानाविना कंपनीचा श्वास कसा कोंडला आहे, वादी बाईने त्याच सामानाच्या खोलीत फोडण्या कशा दिल्या, सगळं सांगितलं. हिंगाच्या वासाचा फोटो काढता येत नाही, म्हणून चादरींचे फोटो दाखवले. जज मॅडमनी निरंजनकडे पाहिलं. निरंजन फाइल उघडेपर्यंत मागून सुशीलाबाई उभ्या राहिल्या आणि आपल्या वऱ्हाडी हिंदीत बोलल्या.

"मैडम, इनका सामान इनको आजच दे दो. मेरे को नहीं होना. मेरे को मेरी खोली खाली करके दो, मैं केस लड़ती रहूँगी."

निरंजनने डोळे मिटून घेतले. साहेबांच्या वकिलाच्या तोंडावर हसू आलं, आयती जिंकलेली केस दिसल्यावर येतं तसं. मॅडमनी लिहून घेतलं आणि विचारलं, ठीक आहे, आज दुपारी गाडी पाठवून सामान उचलता?

वकिलाचं हसू मावळलं. त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं. साहेब पुढे आले, कानाशी काही बोलले. वकील म्हणाले की थोडा वेळ लागेल. मॅडमनी विचारलं, किती? वकील म्हणाले की साधारण तीन-चार महिने. मॅडमनी चष्मा काढला. ज्याच्याविना एक दिवस ढकलणं कठीण आहे, ते न्यायला चार महिने? तेव्हा साहेबच बोलले. म्हणाले की सामान बाईंकडेच असू द्या, आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, त्या फार जबाबदार आहेत.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तो अगदी साधा होता. तुमची कचेरी आत्ता कुठे आहे? साहेबांनी आधी नव्या राजधानीतला पत्ता सांगितला. मॅडम म्हणाल्या, मी पत्ता नाही विचारला. मग हळूहळू निघालं. घरमालकाने भाड्यापायी कुलूप लावलं होतं. कंपनीचं काम संपलं होतं. साहेब एका मित्राकडे उतरले होते आणि पुण्याचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. सामान ठेवायला त्यांना रायपुरात वीतभर जागा नव्हती. होती ती सुशीलाबाईंची खोली, आणि तिला भाडं पडत नव्हतं.

जप्तीचा अर्ज करताना निरंजनने जे सिद्ध करायला चार पानं लिहिली होती, ते साहेबांनी दहा मिनिटांत स्वतः सांगून टाकलं. हुकूम तिथेच झाला. आठ दिवसांत दाव्याची रक्कम कोर्टात भरा आणि सामान घेऊन जा. न भरल्यास सामानाचा लिलाव होईल आणि सरकारकडून कंपनीला यायचे असलेले पैसे अडकवले जातील. शपथेवर लिहिलेल्या उत्तराबद्दल काय करायचं, ते पुढच्या पेशीला बघू.

सरकारकडून यायचे पैसे म्हटल्यावर साहेबांचा रंग उतरला. सल्ल्याचा शेवटचा हप्ता अजून यायचा होता. त्यांनी सहाव्या दिवशी रक्कम भरली. कुठून आणली, ते कुणाला कळलं नाही. म्हणजे पैसे होते, आणि ते प्रोसेसमध्ये नव्हते.

सातव्या दिवशी सामान गेलं. साहेबांनी ते एका जुन्या फर्निचरवाल्याला जागच्या जागी विकलं. आदर्श गाव न्यायला मात्र तो तयार होईना. त्याने काचेची पेटी घेतली आणि गाव रस्त्याच्या कडेला ठेवून दिलं. बाबाराव दिवसभर रिकाम्या खोलीच्या दारात स्टूल घेऊन बसले होते. त्यांना आता तिथून उठवायला इंदूला झाडू घेऊन यावं लागलं.

निरंजन पाऱ्यात सांगत फिरला की ही आपलीच चाल होती. सुशीलाबाईंनी त्याला तसं सांगू दिलं. पोट्ट्याला पुढे अजून केसेस मिळायच्या होत्या. पैशांबद्दल त्याने सांगितलं की आता अगदी सुरक्षित, कोर्टात आहेत. म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत मावशीला मिळणार नाहीत. पुढची पेशी दिवाळीनंतरची होती.

एक तारखेच्या आदल्या दिवशी उरल्याचा मॅनेजर शेगड्या पाहायला आला. खोली धुतलेली होती, पातेली मांडलेली होती, शेवंता कांदे चिरत होती. तो खूश झाला आणि म्हणाला, तो दीदी, कल से शुरू. सुशीलाबाईंनी हात पुसले आणि सांगितलं की पंधरा दिवसांचे पैसे आधी लागतील. मॅनेजरला राग आला. त्याने विचारलं, हमारे ऊपर भरोसा नहीं है क्या?

"पूरा है, भैया," सुशीलाबाई म्हणाल्या. "आप पैसा रखो, मैं भात चढ़ाती हूँ."

मॅनेजरने खिशातून मोबाइल काढला. दीडशे माणसं उद्या सकाळी जेवायला मागणार होती, आणि ती दुसरी पार्टी बहुधा त्याने उगाच सांगितलेली होती. त्याने मालकाला फोन लावला. तो बोलत असताना सुशीलाबाईंनी तांदूळ मोजून सुपात घेतले, पण पाण्यात टाकले नाहीत.