बऱ्या झालेल्या मुलाचा सत्कार

प्राचार्य भगवानरावांनी गुलाबाच्या वासाची बाटली हातभर लांब धरली आणि समुपदेशन कक्षाच्या चारही कोपऱ्यांत फवारली. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जिनत शेखनं ओढणी नाकाला लावली. कालपर्यंत ही खेळाच्या सामानाची खोली होती. कुजक्या गाद्या, घामट जर्सी आणि उंदरांचं मूत यांचा मुरलेला वास गुलाबानं थोडाच हटणार होता; दोघांचं मिळून भलतंच काही झालं होतं. भाले, गाद्या पडद्यामागं ढकलल्या होत्या. पुढं संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यावरून आणलेला सोफा मांडला होता. दारावरच्या पाटीचा रंग ओला होता आणि परळीच्या वीजकेंद्राची राख त्यावर बसायलाही लागली होती.

दुपारी तपासणी समिती येणार होती. विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी कॉलेज कशी घेतं, यालाही यंदा गुण होते. म्हणून कॉलेजला रातोरात काळजी लागली होती.

"शिरूरची ती पोरगी तुमच्या लॅबमधी येऊन रडती म्हणं," भगवानराव म्हणाले. "तिलाच बोलवा. तुमच्यामुळं कशी बरी झाली, दोन शब्द बोलंल. आपण शाल-नारळ देऊ, पेपरात फोटो देऊ."

जिनतला आधी वाटलं, साहेब थट्टा करतायत. पण भगवानराव थट्टा करत नसत. त्यांना सत्कार सोडून दुसरी भाषाच येत नसे. कुणी निवृत्त झालं, शाल. कुणी निवडून आलं, शाल. आता कुणी मरता मरता राहिलं, तर त्यालाही शाल.

ती पोरगी म्हणजे सत्यशीला. आईबाप ऊसतोडीला गेले की ही चुलत्याकडं एकटी. तास संपले की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत यायची आणि परीक्षानळ्या धुवायची. कधी जगावंसं वाटत नाही असं बोलायची, कधी नुसतीच रडायची. जिनत तिला उपदेश करत नसे. चहा द्यायची, शेजारी बसायची. एकदा तिला घेऊन अंबाजोगाईला डॉक्टरांकडंही जाऊन आली होती. आता गोळ्या लागू पडत होत्या, पोरगी दोन घास खात होती. तिला त्या सोफ्यावर बसवायचं म्हणजे भरत आलेल्या जखमेची खपली काढून पाहुण्यांना दाखवण्यातला प्रकार.

"तिनं ते मला सांगितलंय, सर," जिनत म्हणाली. "कॉलेजला नाही."

भगवानराव रागावले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. त्यांनी शिपायाला पाठवून बी.ए.च्या जीवनला बोलावून घेतलं. जीवन धारूरचा. युवक महोत्सवात एकांकिकेचं बक्षीस आणलेलं पोरगं. भगवानरावांनी त्याला उभ्या उभ्या समजावलं: परीक्षेची भीती होती म्हणायचं, झोप यायची नाही म्हणायचं, मग शेख मॅडमनी समजूत काढली आणि आता सगळं झकास आहे म्हणायचं. जीवननं मान हलवली. मग जिनतकडं वळून प्राचार्य म्हणाले, तुम्ही फक्त शेजारी बसा.

ती बसली. तासिका तत्त्वावरची बाई दिवसातून एकदाच नाही म्हणू शकते, आणि तिचं तेवढं सकाळीच म्हणून झालं होतं.

समितीत तिघं होते, त्यांतल्या एक बाई. काजूची बशी फिरली. जीवन उभा राहिला आणि भीती, झोप असं पाठ केलेलं सांगून झाल्यावर थांबला. संपलं असं वाटून भगवानरावांनी टाळीसाठी हात उचलले, तर तो पुढं बोलायला लागला. म्हणाला, मी मोबाईलमधले नंबर एकेक करून काढून टाकायला लागलो. आधी मित्रांचे, मग मामाचा, मग घरचे. आपल्या मागं कुणी कुणाला फोन करत बसायला नको. रोज थोडे थोडे काढायचो.

बोलताना तो समितीकडं बघत नव्हता, जिनतकडं बघत होता. तिनं नजर फरशीला लावली. किती बनेल पोरगं, तिला वाटलं. सत्यशीला जे तोंडातून काढताना थरथरायची, ते हा काजू खाणाऱ्यांपुढं सजवून मांडतोय. समितीतल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला. आमचं कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे, असं भगवानराव म्हणाले आणि तेवढ्यात पडद्यामागं एक भाला धाडकन पडला. कुणीही तिकडं बघितलं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा, आणि त्या तमाशात आपणही सोफ्यावर बसलेलो, याची जिनतला मनस्वी किळस आली.

गाड्या गेल्या तसा सोफा टेम्पोत चढला. गाद्या खोलीत पसरल्या. जिनत प्रयोगशाळेला कुलूप लावत होती, तेव्हा जीवन मागं येऊन उभा राहिला. शाल अजून खांद्यावरच होती.

"छान केलंस," ती कुलपाकडं बघतच म्हणाली. "दुसऱ्याच्या दुःखाची नक्कल केली की शाल मिळते, शिकलास एवढं."

आता तरी तो जाईल, असं तिला वाटलं. तो गेला नाही.

"मॅडम, तुमचा नंबर भेटंल का?"

हजेरीचं काहीतरी काम असणार. काम करून दिलं की लगेच मोबदला.

"कॉलेजच्या ग्रुपवर आहे की. तिथनं घे."

"ग्रुपमधून बी निघालो मी."

जिनतनं मान वर केली. जीवननं मोबाईल काढला होता आणि अंगठा तयार ठेवून तो वाट बघत होता. समितीपुढं होता तसा तो आता अजिबात दिसत नव्हता. तिनं नंबर सांगितला. मधला एक आकडा चुकला, तो दुरुस्त करून पुन्हा सांगितला.

"शेख मॅडम म्हणून ठेव," ती म्हणाली.

"नुसतं मॅडम ठेवतो. दुसरं कुणी न्हाईच यात."

सकाळपासूनची किळस आता गुलाबाची नव्हती, भगवानरावांची नव्हती, तिची स्वतःची होती. हा पोरगा अख्ख्या समितीपुढं तिच्याकडं बघून सांगत होता आणि ती फरशी बघत बसली होती.

तिनं किल्ली पुन्हा कुलपात घातली. दार उघडून दिवा लावला. खिडकीपाशी सत्यशीलेचं स्टूल होतं. जिनतनं त्याच्या शेजारी दुसरं ओढलं आणि चहासाठी पाणी ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "आधी ती शाल काढून ठेव तिकडं."