मला वर बसवू नका

मी मोटर बोलतेय. घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीचं पाणी फिरवणारी, टाकीच्या बाहेर बसणारी. पाण्यात बुडवून ठेवतात ती नव्हे. ती माझी चुलत बहीण. आमच्यातला हा फरक न कळल्यामुळेच माझ्यावर नको ते आरोप झाले, म्हणून आज तोंड उघडलंय.

मला घ्यायला एक शिंपी आला, बायकोला घेऊन. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, दिवसभर टाकीकडे बघत पडायचे. त्यांना दुसरा विरंगुळा नव्हता. आतल्या मोटरीनं पाणी तापायचं, मासे मलूल झाले होते, म्हणून बाहेरची हवी होती.

दुकानदारानं विचारलं, "पाणी किती उंच चढवायचंय?"

"चांगले हाताएवढे आहेत मासे," शिंपी म्हणाला.

"अहो, पाण्याचं विचारतायत ते!" बायकोनं कोपर मारलं.

"तू गप गं. ती मोठी दाखवा, ती काळी."

"ती विहिरीवरची आहे, साहेब. मासे काचेला चिकटतील तुमचे."

अशी मी ठरले. लहान, पण दमाची. पिशवीत घालताना दुकानदारानं बजावलं, "हिला टाकीतल्या पाण्यापेक्षा खाली बसवा बरं का." शिंप्यानं मान डोलवली. ऐकतंय कोण! तो माझं चकचकीत झाकण बघण्यात गुंग.

घरी टाकीच्या तळाशी असलेल्या भोकाला एक नळी जोडली, दुसरी वरून टाकीत सोडली, तिथवर ठीक. पण मला बसवलं कुठे? टाकीच्या वरच्या फळीवर, ठेवणीतल्या कपबश्यांशेजारी!

"नवी वस्तू काय जमिनीवर लाथा खायला ठेवायची? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको?" शिंपी म्हणाला.

माणसांची ही खोडच आहे. मान द्यायचा झाला की उचलून वर ठेवतात, मग तिथे काम होवो न होवो.

बटण दाबलं. माझ्या पोटात थेंब नाही. पाणी आपणहून टाकीच्या वर कसं येणार? आणि नुसती हवा ओढून पाणी आणणं माझ्या जातीत नाही. मी जीव तोडून किंचाळले. बंद केलं, लावलं, पुन्हा किंचाळले. जुनी मोटर तर भंगारात गेलेली. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं वासायला लागले.

खाटेवरून म्हातारबांचा आवाज आला, "अरे, मरतील रे ते."

"मालच खराब आहे," शिंपी ओरडला. "परत करतो हे भंगार."

भंगार! मला! स्वतः उलटं कापड कापतोस तेव्हा कात्रीला भंगार म्हणतोस का रे?

बायकोनं मला नळ्यांसकट फळीवरून उतरवलं आणि नळ्या सोडायला जमिनीवर टेकवलं. तेवढ्यात गुडगुड झालं. टाकीतलं पाणी आपल्या पायांनी चालत माझ्या पोटात आलं.

"अहो, हिनं पाणी घेतलं!"

"सांडेल आता. उचल लवकर."

"नाही उचलत. बटण दाबा."

"अगं पण..."

"दाबा म्हणते ना!"

दाबलं, आणि मी सुटले. वरच्या नळीतून टाकीत अशी धार पडली की शिंपी मागे सरकला. हळूहळू एकेक मासा तोंड मिटून खाली वळला. म्हातारबांनी डोळे पुसले आणि लेकाला म्हणाले, "खाली ठेवायची होती, एवढंच होतं होय रे?"

दुसऱ्या दिवशी शिंप्यानं माझ्यासाठी मखमलीचं झबलं शिवलं, झालरीसकट! आत मी तापून लाल. बायकोनंच ते ओढून काढलं. "बारसं करताय का तिचं? हवा लागू द्या."

आता मी टाकीखाली, रबराच्या तुकड्यावर असते. अंगावर धूळ आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. पाणी जिथे येतं तिथे मी बसणार. तुमच्या घरी माझी कुणी बहीण आली तर दुकानदाराचं नीट ऐका आणि तिला तिची जागा द्या. शोभेसाठी वर चढवलीत तर ती घर डोक्यावर घेईल, आणि तुम्ही भंगार म्हणालात तरी गप्प बसणार नाही.