गाडीतला पंखा

माकडांची गाडी चालवतात ते माझे सख्खे दीर, हे आमच्या प्राणिमित्रांच्या गटात सगळ्यांना ठाऊक होतं. गटाचे म्होरके निवृत्त मास्तर. ते मला तोंडावर म्हणायचे, "तुमच्या घरात दोन पक्ष आहेत, संसदच भरवा." घरात मात्र आम्ही त्या विषयावर अवाक्षर न काढता जेवायचो. भाऊजी वाईट नाहीत. नोकरी हवी होती, मिळाली ती ही. पैदास केंद्रातून माकडं उचलायची आणि विमानतळाच्या मालधक्क्यावर पोचवायची. तिथून ती परदेशी प्रयोगशाळांत जात, आणि परत कोणी येत नसे.

त्या दिवशी आम्ही मालधक्क्याच्या फाटकासमोर आडवे झालो. विमान सुटेपर्यंत गाडी अडवायची, एवढाच बेत. विमान कंपनी आधीच का कू करत होती. एक खेप चुकली की ती हे काम सोडेल, असा मास्तरांचा होरा. भाऊजींनी गाडी आमच्यापुढे आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं.

हा नियम आमचाच. मागच्या निदर्शनात एका मुलीचा पाय चाकाखाली जाता जाता वाचला, तेव्हा पोलिसांच्या मागे हात धुऊन लागून आम्ही तो करून घेतला होता. समोर माणूस आडवा असेल तर इंजिन चालू ठेवायचं नाही. केवढा गड जिंकल्यासारखे नाचलो होतो आम्ही! माकडांना वारा घालणारा पंखा त्याच इंजिनावर चालतो, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. पाठीला डांबराचे चटके बसत होते. सुरुवातीला गाडीतून नुसता कालवा होता, किंचाळणं, जाळ्या हलवणं. शेजारची मुलगी म्हणाली, "बघा, ती आपल्याला साथ देतायत." मला तिची चीड आली. मग आवाज कमी होत गेला.

भाऊजी खाली उतरले आणि माझ्याजवळ उकिडवे बसले. "वहिनी, जरा मागे येऊन बघा."

मी गेले. माकडं पिंजऱ्यांत पसरली होती, तोंडं उघडी. एकाने नाक जाळीच्या भोकाला लावलं होतं आणि दुसरं त्याला ढकलून तीच जागा मागत होतं.

"परत न्या ना यांना, भाऊजी."

"परतीचा रस्ता दिवसभराचा आहे. आता तेवढं नाही टिकायची. धक्क्यावर गार खोली आहे, प्राण्यांचा डॉक्टर आहे. आत जाऊ द्या, नाहीतर इथेच संपतील."

मी मास्तरांकडे आले. "उठा. आत ती गुदमरतायत."

"थोडाच वेळ राहिलाय," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "आज माघार घेतली तर संपलं सगळं. चार मेली तरी पुढची हजारो वाचतील."

माझं डोकं फिरलं. "मास्तर, हे तर प्रयोगशाळावाले म्हणतात."

त्यांनी डोळे उघडले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. एकेक करून बाकीचेही उठले. ती शेजारची मुलगी जाता जाता म्हणाली, "शेवटी घरभेदीच निघालात."

इंजिन सुरू झालं, फाटक उघडलं आणि गाडी आत गेली.

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा आम्ही जेवायलाच बसत होतो. हातपाय धुऊन ते ताटावर बसले. मी वाढत होते. आमच्यात या विषयावर बोलायचं नाही, हे ठरलेलं. पण मला राहवेना.

"सगळी जिवंत आहेत ना?"

"सगळी. डॉक्टरांनी तपासली, पाणी पाजलं. विमान थोडं उशिरा सुटलं, पण गेली सगळी."

"बरं झालं," मी म्हणाले.

भाऊजींचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो ते मला तेव्हा कळलं.